‘आय ॲम गो’ची दुरुस्ती: उर्दूभाषकांच्या इंग्रजीतला तोच तो बिघाड

मालेगावात शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून आमचा इंग्रजीचा वर्गही शुक्रवारीच भरतो. जुम्म्याची नमाज, जेवण, थोडी झोप हे सगळं उरकून चारच्या सुमाराला मंडळी येतात. त्यात उर्दू माध्यमातली नववी-दहावीची पोरं असतात, दोन-चार विणकर असतात, घरी शिलाई करणाऱ्या बाया असतात आणि आखातात नोकरीला जायच्या तयारीतला एखादा तरुण असतो. शिकवणारा मी मराठी शाळेतला. उर्दू आधी गल्लीत कानाने शिकलो, लिपी मागाहून. अकरा वर्षांत माणसं बदलली, बिघाड मात्र तोच येतो. उर्दू बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवायला बसणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहितोय, कारण आपण हा बिघाड हमखास चुकीच्या ठिकाणी शोधतो.

लक्षणं

शब्द विचारले तर भराभर येतात: हाऊस, वॉटर, मदर, संडे, टोमॅटो. वाक्य मागितलं की माणूस छताकडे बघतो. वाक्य आलंच तर असं येतं:

‘आय ॲम गो टू स्कूल.’ ‘शी इज कुक.’
‘व्हॉट यू ड्रिंक टी?’ (चहा पिणार का, एवढंच विचारायचं असतं.)
‘माय टू ब्रदर इज.’ ‘मी फीवर इज.’
‘माय फादर आर कमिंग.’
आईबद्दल सांगताना ‘ही’, भावाबद्दल सांगताना ‘शी’.
‘आय वॉज वेंट.’ ‘कट फ्रॉम नाइफ.’
बोलताना इस्कूल, इस्टेशन. लिहिताना ‘पेन’चं स्पेलिंग पी-एन.

यातली तीन-चार लक्षणं एकत्र दिसली तर पुढचं सगळं लागू आहे. फक्त शेवटच्या ओळीतलीच लक्षणं असतील आणि वाक्यं नीट असतील, तर मधलं सोडून थेट उच्चार आणि स्पेलिंगकडे जा.

तपासणी पहिली: वाक्य उर्दूत म्हणायला लावा

याला दहा सेकंद लागतात आणि पैसा लागत नाही. तरी पहिली दोन वर्षं मी हे एकदाही केलं नाही. चुकीचं वाक्य ऐकलं की मी बरोबर वाक्य सांगायचो, समोरचा ते परत म्हणायचा आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा ‘आय ॲम गो’.

वाक्य चुकलं की फक्त विचारा, ‘उर्दू में क्या बोलना था?’ उत्तर येईल, ‘मैं स्कूल जाता हूँ.’ आता दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा. मैं म्हणजे आय, हूँ म्हणजे ॲम, जाता म्हणजे गो. पोराने एकही शब्द गाळलेला नाही. त्याने इमानदारीने हिशेब जुळवलाय, चूक हिशेबाच्या रीतीत आहे. आपल्या मराठीत ‘मी शाळेत जातो’ एवढ्यावर वाक्य संपतं, ‘आहे’ येतच नाही, म्हणून मराठी पोरगं सहसा ही चूक करत नाही. आणि म्हणूनच मराठी मास्तराला ती ‘साधी गोष्ट कळत नाही’ अशी वाटते.

यातून दुसरीही एक गोष्ट कळते. उर्दू वाक्यच धड येत नसेल, माणूस अडखळत असेल, तर अडचण इंग्रजीची नाही. कधी लाज असते, कधी काय बोलायचं तेच ठरलेलं नसतं, कधी भूक असते. रमजानमध्ये मी पाच वाजता कोणालाही फळ्यासमोर उभं करत नाही.

तपासणी दुसरी: वही, पेन, चष्मा

वही कुठून उघडली जाते ते बघा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे नवखा माणूस इंग्रजीची वहीसुद्धा आपल्या दृष्टीने मागून उघडतो. तो त्याचा प्रश्न आहे, उघडू दे. पेन ओळीच्या कोणत्या टोकाला टेकतं ते मात्र बघा. मोठ्या वयात अक्षरओळख झालेल्यांच्या बाबतीत मी पाहिलंय की शब्द डावीकडून लिहितात, पण एकेक अक्षर उजवीकडून काढतात. मग ‘बी’ आणि ‘डी’ची अदलाबदल होते. समासाला लाल रेघ आणि ओळीच्या सुरुवातीला एक ठिपका, एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

उर्दूचं प्रश्नचिन्ह आपल्याला उलटं दिसतं, स्वल्पविराम उलटा असतो, पूर्णविराम म्हणजे छोटी आडवी रेघ. कॅपिटल अक्षर हा प्रकारच नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागाही उर्दूत इंग्रजीसारखी काटेकोर नसते, कारण काही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडतच नाहीत, शब्दाच्या मधेच फट पडते. त्यामुळे इंग्रजीत दोन शब्द एकमेकांना चिकटले तर तो गबाळेपणा समजू नका. एक बोट ठेवून जागा सोडायला सांगा आणि पुढे चला. यावर तास घालवण्यात अर्थ नाही.

चाळिशी ओलांडलेल्याला जवळचा चष्मा लागलाय का, हेही याच टप्प्यावर विचारून घ्या. ‘नहीं आता सर’ म्हणणाऱ्या एका बाईंना शब्द येत होता, दिसत नव्हता.

तपासणी तिसरी: शब्द खरंच कमी आहेत का?

बहुतेक वेळा नसतात. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा शाळेत गेलेल्या पोराकडे चित्रातल्या शब्दांचा साठा असतोच. शाळेत न गेलेल्या विणकराकडेही असतो, त्याला तो इंग्रजी वाटत नाही इतकंच. मी एकदा मंडळींना विचारलं, कारखान्यात दिवसभरात तोंडी येणारे शब्द सांगा. फळ्यावर जमलं ते असं: लूम, शटल, बीम, बॉबिन, मोटर, बेल्ट, स्विच, लाइट, शिफ्ट, मास्टर, मीटर, पार्टी, पेमेंट, ॲडव्हान्स, टाइम. पंधरा शब्द, आणि ते शिकवायला मी काहीच केलं नव्हतं. ‘द बेल्ट इज लूज’ हे वाक्य त्या दिवशी एका चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत म्हटलं आणि लगेच उर्दूत पुढे सांगितलं की खरोखरच सैल आहे, तीन दिवस झाले.

म्हणून नवे शब्द देण्याचा मोह आवरा. पहिल्या वर्षी मी पाचशे शब्दांची यादी झेरॉक्स करून वाटली होती, तिचा परिणाम लक्षणांच्या पहिल्या ओळीत दिसतो. शब्दकोश तर आणखी उशिरा. मौलवी अब्दुल हक यांचा मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ मध्ये औरंगाबादहून, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातून निघाला, याचा मला अभिमान आहे. पण ‘आय ॲम गो’ म्हणणाऱ्याच्या हातात तो देणं म्हणजे सायकलचं पंक्चर काढायला नवी सायकल घेण्यासारखं.

नवा शब्द द्यायचाच तर क्रियापद द्या. नामं त्यांच्याकडे ढीगभर असतात. कम, गो, ईट, ड्रिंक, गिव्ह, टेक, पुट, वॉश, मेक, कॉल, पे, आस्क असे वीस-पंचवीस शब्द पहिल्या दोन महिन्यांना पुरतात.

तपासणी चौथी: ‘हूँ’ आणि ‘है’च्या आधी काय आहे?

मूळ बिघाड इथे आहे. यावर महिना गेला तरी चालेल.

उर्दूचं वर्तमानकाळातलं जवळपास प्रत्येक होकारार्थी वाक्य हूँ, है, हो नाहीतर हैं वर संपतं. शिकणाऱ्याच्या मनात पक्कं बसतं की हूँ म्हणजे ॲम, है म्हणजे इज. हे अर्धं खरं आहे, आणि म्हणून सहज निघत नाही. तीन वाक्यं फळ्यावर मांडा:

मैं दर्ज़ी हूँ.
मैं सी रहा हूँ.
मैं सीता हूँ.

आता शेवटच्या हूँवर बोट ठेवून विचारा, याच्या आधी काय उभं आहे? पहिल्यात नाव आहे, दर्ज़ी. तिथे ॲम राहतो: आय ॲम अ टेलर. दुसऱ्यात ‘रहा’ आहे. तिथेही ॲम राहतो आणि क्रियापदाला ‘इंग’ लागतं: आय ॲम स्टिचिंग. तिसऱ्यात ता, ती किंवा ते आहे. तिथे हूँला इंग्रजीत जागाच नाही: आय स्टिच. संपलं.

‘पण हूँ गेला कुठे?’ हा प्रश्न येणार. याचं उत्तर उर्दूतच आहे, आणि ते सापडायला मला चार वर्षं लागली. ‘मैं चाय पीता हूँ’ याचा नकार करायला सांगा. माणूस सहज म्हणतो, ‘मैं चाय नहीं पीता.’ हूँ कुठे गेला? त्याने स्वतःच टाकून दिला! म्हणजे ता-ती-ते नंतरचा हूँ टाकता येतो हे त्याच्या जिभेला आधीच माहीत आहे. इंग्रजी तो होकारातही टाकते, एवढाच फरक. हे दाखवलं की चेहरे उजळतात. नियम पाठ केल्यापेक्षा आपल्याच घरातली वस्तू सापडल्याचा तो आनंद असतो.

‘वो जाता है’ला थोडं वेगळं औषध लागतं. तिथला है पूर्ण जात नाही, ‘एस’ होऊन क्रियापदाला चिकटतो: ही गोज, शी कुक्स. मी म्हणतो, ‘है छोटा हो गया.’ हूँ, हो आणि हैं मात्र पूर्ण गळतात. ही व्याकरणाची व्युत्पत्ती नव्हे, खुंटीला टांगायची युक्ती आहे, पण टिकते.

‘आय वॉज वेंट’ही याच जातीचं. मैं गया था, त्यातला ‘था’ म्हणजे वॉज. इथेही तेच विचारा, ‘था’च्या आधी काय आहे? ‘मैं बीमार था’ असेल तर वॉज ठेवा, ‘गया था’ असेल तर सुरुवातीच्या काळात सरळ वेंट म्हणा.

तपासणी पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? दहा उर्दू वाक्यं भराभर म्हणा, तिन्ही प्रकार मिसळून. शिकणाऱ्याने इंग्रजी करायचं नाही, फक्त ‘रखो’ किंवा ‘फेंको’ म्हणायचं. दहापैकी नऊ बरोबर आले तरच पुढे जा.

तपासणी पाचवी: ‘क्या’ कुठे बसलाय?

मराठीत आपण ‘तू चहा पितोस का?’ आणि ‘तू काय पितोस?’ असे दोन वेगळे शब्द वापरतो. उर्दूत दोन्हीकडे क्या. त्यामुळे ‘क्या तुम चाय पीते हो?’चं ‘व्हॉट यू ड्रिंक टी?’ होतं आणि ऐकणाऱ्या मराठी मास्तराला कळत नाही की हा ‘व्हॉट’ आला कुठून.

औषध सोपं आहे. वाक्याच्या तोंडाशी क्या असेल आणि उत्तर हाँ किंवा नहीं येत असेल, तर त्या क्याच्या जागी ‘डू’ ठेवा. जागासुद्धा तीच, सगळ्यात पुढे: डू यू ड्रिंक टी? ‘क्या तुम टीचर हो?’सारखं नावाचं वाक्य असेल तर डू नको, आर पुढे ओढा: आर यू अ टीचर? क्या मधे असेल, ‘तुम क्या पीते हो’, तेव्हाच तो खरा व्हॉट, आणि त्याच्या मागे डू लागतो. बोलताना उर्दूतला पुढचा क्या बऱ्याचदा गाळला जातो आणि नुसत्या सुरावर प्रश्न चालतो, म्हणून सराव करताना तो मुद्दाम म्हणायला लावा.

तपासणी सहावी: ‘मेरे पास’, ‘मेरी’, ‘मुझे’

मेरे पास मोटरसाइकल है. मेरी दो बहनें हैं. मुझे बुख़ार है. उर्दूची तीन दारं, इंग्रजीत एकच: आय हॅव. मराठीतही आपण माझ्याकडे गाडी आहे, मला दोन बहिणी आहेत, मला ताप आहे असंच म्हणतो, त्यामुळे इथे मास्तर आणि शिष्य एकाच नावेत असतात.

‘मेरी बहन टीचर है’ आणि ‘मेरी दो बहनें हैं’ यांत गोंधळ होतो. पहिलं वाक्य कोण ते सांगतं, तिथे इज. दुसरं किती ते सांगतं, तिथे हॅव. ‘कौन’ विचारून बघा, ‘कितने’ विचारून बघा. जो प्रश्न बसेल त्याप्रमाणे.

भूख, प्यास, नींद, डर, ठंड या पाचांना हा नियम लागत नाही. आय ॲम हंग्री, थर्स्टी, स्लीपी, अफ्रेड, कोल्ड. हे पाच पाठ करून टाका.

मधल्या किरकोळ गोष्टी

ही आणि शी: उर्दूत ‘वो’ बाप्यालाही आणि बाईलाही. कोण आहे ते क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं, जाता की जाती. इंग्रजीत शेपटी नाही, म्हणून ते आधीच सांगावं लागतं. ज्यांच्या बोलण्यात थोडीफार मराठी आहे त्यांना ‘तो’ आणि ‘ती’ सांगितलं की पुरतं. मालेगावात ही सोय असते.

‘माय फादर आर’: हा आदर आहे, अज्ञान नव्हे. अब्बा आ रहे हैं, आपले बाबा आले, तसंच. एका वयस्क चाचांना अब्बांसाठी ‘इज’ वापरणं पटेना, ‘बेअदबी होती है’ म्हणाले. मी त्यांना सांगितलं की इंग्रजीने आपलं जुनं ‘तू’ कधीच टाकून दिलंय. आज जे ‘यू’ आहे ते मुळात अनेकवचनी, अदबीचं. म्हणजे गोरा माणूस आपल्या कुत्र्यालाही आपच म्हणतो. चाचा हसले आणि इज म्हणाले.

‘कल’: काल आणि उद्या, दोन्ही. क्रियापद ऐका आणि यस्टर्डे की टुमारो ते ठरवा. मराठी परवाचं तसंच आहे, तेव्हा हसू नका.

‘से’: हा जरा चिवट आहे. चाकू से, दो साल से, घर से, उससे पूछो, उससे बड़ा. मराठीत सुरीने, दोन वर्षांपासून, घरून, त्याला विचार, त्याच्यापेक्षा मोठा असे रस्ते वेगळे होतात, इंग्रजीतही होतात. पण शिकणाऱ्याने एकदा ‘से म्हणजे फ्रॉम’ असं लिहून ठेवलं की सगळीकडे फ्रॉम. पाचही एकदम शिकवू नका. घर से म्हणजे फ्रॉम आणि चाकू से म्हणजे विथ, एवढ्यावर सहा महिने निघतात.

तपासणी सातवी: उच्चार, आणि आधी स्वतःचे

इथून पुढे काम महाग होत जातं, म्हणजे वेळ लागतो.

आधी एक कबुली. माझ्या वर्गात पहिली दोन वर्षं मी ‘झीरो’ आणि ‘झू’ शिकवत होतो. एक आठवीतली मुलगी म्हणाली, ‘सर, ज़ीरो.’ बरोबर तीच होती. उर्दूत ज़चा आवाज देणारी चार अक्षरं आहेत, फ़ आहे, आणि ‘टेलिव्हिजन’मधला तो मऊ आवाजही ‘झे’ नावाच्या अक्षरात आहे. हे आवाज इंग्रजीला जसे हवे तसे त्यांच्याकडे तयार असतात; आपण मराठी माणसं त्यांना झ आणि ओठ मिटलेला फ शिकवून बिघडवतो. तेव्हा या आवाजांना हात लावू नका.

खरी अडचण व आणि व्हची. उर्दूत ‘वाव’ हे एकच अक्षर दोन्ही कामं करतं, शिवाय ओ आणि ऊसुद्धा तेच. आपल्याकडे वॉटरला व आणि व्हॅनला व्ह लिहायची सोय आहे, निदान व्हाइट हाऊस येईपर्यंत. विणकरांसाठी मला एक शब्द सापडलाय, वीव्ह, म्हणजे विणणं. सुरुवातीला ओठांचा चंबू, शेवटी वरचे दात खालच्या ओठावर. दोन्ही आवाज एका शब्दात, तोही त्यांच्या धंद्याचा. रोज वीस वेळा.

इस्कूलसाठी ‘माय स्कूल’ म्हणायला लावा. आधी स्वर आला की पुढचा ‘इ’ आपोआप गळतो. मग हळूहळू ‘माय’ काढून घ्या. नाही गळला तरी बिघडत नाही, इस्टेशनला जाणारी गाडी चुकत नाही.

तपासणी आठवी: गळालेले स्वर

हा सगळ्यात हट्टी बिघाड. मराठीत काना-मात्रा गाळून चालत नाही. उर्दूत ज़बर, ज़ेर, पेश ही ऱ्हस्व स्वरांची चिन्हं रोजच्या लिखाणात सहसा देतच नाहीत. ‘पे’ (प) आणि ‘नून’ (न) लिहिलं की तो पिन आहे की पुन, हे वाचणारा संदर्भावरून ठरवतो. असा सराव झालेला हात पेन पी-एन लिहितो, बॅग बी-जी लिहितो, यात नवल नाही.

मी या पोरांना स्पेलिंगं दहा-दहा वेळा लिहायला लावायचो. उपयोग शून्य. मग लक्षात आलं की यातली बरीच मुलं मदरशात कुराण वाचतात, आणि कुराण पूर्ण एराब, म्हणजे हीच स्वरचिन्हं, लावून छापलेलं असतं. तिथे ज़ेरचा ज़बर झालेला ती कदापि चालवून घेत नाहीत. म्हणून आता एवढंच सांगतो: इंग्रजीत एराब ओळीच्या वर-खाली नसतात, ओळीच्या आत बसतात, आणि ते लावलेच पाहिजेत. ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं लाल पेनाने लिहायची, बाकी निळ्या. महिनाभर. नंतर लाल पेन सुटतं, सवय राहते. तरीही ‘बट’ आणि ‘पुट’ अशी भांडणं उरतातच, पण ती आपल्यालाही उरलीत.

कुठे थांबायचं

मुलगा उर्दूही वाचू शकत नसेल, दोन्ही लिप्यांत अक्षरं उलटी येत असतील, वर्षभर नियमित बसूनही ओळ सुटत नसेल आणि बोलण्यात मात्र तो हुशार असेल, तर शिकवणी वाढवू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. शाळेमार्फत सरकारी रुग्णालयात विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. आईबापांना ‘मंद’ हा शब्द तुमच्या तोंडून ऐकू येता कामा नये.

भाडेकरार, व्हिसाचा अर्ज, आखातातल्या नोकरीचा करारनामा, कोर्टाचा कागद. वर्गातला कोणीही असं काही घेऊन आला तर मी वाचून मजकूर साधारण सांगतो आणि सहीच्या आधी वकिलाकडे पाठवतो. चार महिने इंग्रजी शिकलेल्याला वाटतं की आता आपल्याला कळतं. आणि मास्तरालाही तसंच वाटतं, तिथे जास्त धोका असतो.

तिसरी गोष्ट कानाची. वीस-पंचवीस वर्षं लूमवर काम केलेला माणूस ‘बुक’ आणि ‘बुक्स’मधला फरक पकडत नसेल, एफ, एस आणि थ एकसारखे ऐकू येतात म्हणत असेल, तर व्याकरण बंद करा आणि त्याला कान तपासायला पाठवा. लूमच्या खोलीत शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. सततच्या आवाजाने जाणारी श्रवणशक्ती आधी वरच्या पट्टीत जाते, ४,००० हर्ट्झच्या आसपास, आणि एस, एफ, थ हे आवाज वरच्याच पट्टीतले. साधं बोलणं ऐकू येतं, म्हणून कोणाला शंका येत नाही.

बेअदबीवाल्या चाचांना मी सहा महिने ‘एस म्हणा, एस म्हणा’ करून पिडलं होतं. मुलगा त्यांना तपासणीला घेऊन गेला, तेव्हा कळलं की दोन्ही कानांना वरचे आवाज जवळजवळ नाहीत. ते अजून दर शुक्रवारी पहिल्या बाकावर बसतात. त्यांच्यासाठी ‘एस’ मी फळ्यावर लाल खडूने मोठा काढतो, आणि वाचताना ते त्या जागी बोटाने बाकावर एक टिचकी मारतात.